वरचा पाला

कुशाबांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं आणि तासभर एक अक्षर बोलले नाहीत. मी मात्र अखंड बोलत होते. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, पुण्यातल्या एका कॉलेजच्या संशोधन प्रकल्पात कामाला होते, आणि माणसांना बोलतं करायची आपल्याला हातोटी आहे असा माझा भलताच गैरसमज होता. माझं गाव अवसरी बुद्रुक. कुशाबांची वाडी आहुप्याजवळ, पार डोंगराच्या कडेला. "आपण एकाच तालुक्याचे की," हे वाक्य मी त्या तासाभरात चार वेळा तरी टाकलं. चौथ्या वेळी ते "व्हय का" म्हणाले आणि गुरं सोडायला निघून गेले.

एकच तालुका हे खरं, पण त्याला फारसा अर्थ नव्हता. आमच्याकडे बटाटा, ऊस आणि कालव्याचं पाणी. त्यांच्याकडे भाताची खाचरं, उतारावर नाचणी-वरई, आणि हंगामात हिरडा गोळा करायचा. पावसाळ्यात तिथे शेजारचं घर दिसत नाही असं धुकं असतं. आमच्या गावातली निम्मी माणसं आहुप्याला कधी गेलेली नाहीत, आणि जी गेली ती धबधबा बघून, भजी खाऊन परत आली. मी त्यांच्यातली नाही असं मला मनापासून वाटायचं.

प्रकल्पाचं काम सांगते. डोंगरातली जाणती माणसं कोणता झाडपाला कशावर देतात ते विचारायचं. त्या झाडाची फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, तिला नंबर द्यायचा, आणि किलोभर पाला सावलीत वाळवून पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचवायचा. तिथे त्याचा अर्क काढून तपासायचं, की त्यात खरोखर काही गुण आहे की सगळी श्रद्धाच आहे. मुदत तीन वर्षांची. त्या भागात कुणालाही विचारलं की जखमेवर काय लावता, तर उत्तर एकच यायचं. कुशाबाकडं जावा.

सत्तरी ओलांडलेला, बुटका, काटक माणूस. हात मात्र अंगाच्या मानाने फार मोठे. कोयता लागलेला असो, बैलाचं शिंग घुसलेलं असो, महिनोन्‌महिने चिघळलेलं असो, कुशाबा पाला वाटायचे आणि स्वतःच्या हाताने बांधायचे. तीन दिवस, नाहीतर पाच. घाट चढून कोकणातून माणसं यायची. घ्यायचे काही नाहीत, आणि कुणी फार आभार मानायला लागलं तर चिडायचे. बऱ्या झालेल्या जखमा मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. ज्यांच्या बऱ्या झाल्या नसतील ते सांगायला परत येत नसतील, हेही मला कळत होतं. म्हणून तर तपासायचं होतं.

सात-आठ महिने त्यांनी मला कशाचा थांग लागू दिला नाही. मग त्यांच्या बायकोच्या, झुंबरबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मी गाडी घेऊन गेले, त्यांना मंचरला नेलं, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होईपर्यंत सोबत राहिले. हे मी माणुसकीने केलं असं तेव्हा सगळ्यांना सांगत होते. निम्मं खरं होतं. निम्मं त्या पाल्यासाठी होतं, आणि ते कुशाबांनाही कळलं असणार.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्यांनी आपणहून विषय काढला. झाडाला आदल्या संध्याकाळी आवतण द्यावं लागतं, म्हणाले. चार तांदूळ आणि सुपारी ठेवून सांगायचं, उद्या न्यायला येतो. सकाळी उठल्यावर कुणाशी बोलायचं नाही, खुडताना लोखंड लावायचं नाही. हे सगळं मी डायरीत फार आवडीने लिहून घेतलं. लिहिताना आपण काहीतरी मोठं काम करतोय असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवराईकडून आले, पडवीत बसले आणि टॉवेलाची गाठ सोडली. वर एक रुंद, खरखरीत पान होतं. खाली आणखी काहीबाही पाला होता.

"हा का?" मी विचारलं.

"ह्यो," ते वरच्या पानावर बोट ठेवून म्हणाले.

चुलीपाशी त्यांची सून वैजयंती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती हसली, म्हणून मीही हसले. तिला माझ्यासाठी आनंद झालाय असं मी समजले.

ते झुडूप मी ओळखलं. आमच्याकडे बांधाबांधावर उगवतं. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, पुन्हा कुणाला ते पायाला बांधायची बुद्धी व्हायला नको. इतक्या साध्या झुडपात हा गुण असेल तर केवढी गोष्ट होईल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. किलोभर पाला तर अवसरीतच मिळाला.

प्रकल्पाच्या अटींत एक अट होती, की लोकांकडून घेतलेली माहिती लोकांना परत द्यायची. म्हणून मी एक पुस्तिका काढली. चाळीस झाडं, चाळीस फोटो, ज्याने सांगितलं त्याचं नाव. सोळाव्या पानावर कुशाबा त्यांच्या मोठ्या हातात ते रुंद पान धरून उभे होते. खाली लिहिलं होतं, "जखमेवर वाटून बांधतात." अगदी तळाला बारीक अक्षरांत, "उपचार वैद्यकीय सल्ल्यानेच करावेत." प्रयोगशाळेचे निकाल यायला वर्ष लागणार होतं, आणि पुस्तिका तर मार्चच्या आत छापायची होती. पुस्तिका आली तशी मी ती घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. आत्या, काक्या, मामा, सगळ्यांनी अंगठे दाखवले. बोरी बुद्रुकच्या गेणभाऊ मामांनी फोनच केला. "हर्षे, नाव काढलंस बघ," म्हणाले. मामांना शिक्षणाचं फार कौतुक. मी एमेस्सी झाले तेव्हा त्यांनी बोरीत पेढे वाटले होते.

वर्षाने निकाल आला. काचेच्या ताटलीत पेशी वाढवतात, मधून एक ओरखडा काढतात, आणि अर्क घातल्यावर तो लवकर भरून येतो का ते बघतात. प्रकल्पाच्या सरांनी फोनवर सांगितलं, की अर्क घातलेली ताटली आणि न घातलेली ताटली, दोन्हीत फरक शून्य. तीनदा करून पाहिलं होतं.

माझं डोकंच फिरलं. म्हाताऱ्यावर फिरलं, स्वतःवर फिरलं, भाबडेपणाने लिहिलेल्या त्या डायरीवर फिरलं. अहवालात मी एक कोरडं वाक्य लिहिलं, "पारंपरिक दाव्यास आधार आढळला नाही." पाला मिळाल्यापासून मी वर गेलेच नव्हते, आता कुशाबांना हे सांगायलाही गेले नाही. काय सांगणार होते? तुमचं आयुष्यभराचं काम फोल आहे? मला ते जड वाटलं, म्हणून टाळलं. पुढे प्रकल्प संपला, मी मंचरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, आणि आहुप्याचा रस्ता सुटला.

आणि पुस्तिका? ती तशीच राहिली. सोळावं पान चुकलंय, ते वापरू नका, एवढा एक मेसेज ग्रुपवर टाकायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी तो टाकला नाही. आपली फजिती आपल्याच तोंडाने का सांगा, असं वाटलं. दुसरं काही कारण नव्हतं.

निकालानंतर आठ महिन्यांनी, दिवाळी होऊन गेल्यावर, मामांचा मुलगा गोरख याचा फोन आला. मामा ऊसतोडीनंतर रानात अनवाणी गेले आणि उसाचं खोडकं तळव्यात घुसलं. मामांना शुगर. एरवी ते दवाखान्यात गेले असते. पण भाचीचं पुस्तक होतं ना. बांधावरचा पाला वाटून त्यांनी बावीस दिवस बांधला. मामी ओरडली तर तिला फोटो दाखवायचे, की हे बघ, आपल्या हर्षीनं तपासून लिहिलंय. ताप डोक्यात चढला तेव्हा गोरखने त्यांना नारायणगावला नेलं. तोवर उशीर झाला होता. डावा पाय गुडघ्याखाली काढला.

मी दवाखान्यात गेले तर मामा मलाच समजावत होते. "तुझा काय दोष, मलाच नीट बांधता आला नसंल," म्हणाले. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी उभी तरी राहू शकले असते. मी बाहेर आले, गाडीत बसले आणि सरळ आहुप्याचा रस्ता धरला. रागाला कुठेतरी न्यायचं होतं.

कुशाबा अंगणात दोरी वळत बसले होते. जवळजवळ दोन वर्षांनी मला बघून त्यांचा चेहरा उजळला, तेही मला सहन झालं नाही. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "तुमच्या पाल्यानं माझ्या मामाचा पाय गेला."

त्यांनी दोरी खाली ठेवली. "माजा पाला त्यांस्नी कुनी दिला?"

"मी. तुम्ही मला दाखवला, मी पुस्तकात छापला, त्यांनी बांधला."

"कंचा?"

मी फोनवर सोळावं पान काढून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग फोन वैजयंतीकडे दिला. तिने बघितलं आणि ती खाली बसली.

"ह्यो वरचा पाला हाय," कुशाबा म्हणाले. "ह्यो तुमी बांदला?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं. डोंगरातून औषध आणताना ते उघडं आणायचं नाही. त्याच्यावर दुसरा पाला घालायचा. वाटेत कुणी विचारलं तर वरचा दाखवायचा. औषध खाली असतं.

"समद्यांला ठावं हाय," ते म्हणाले. "शाळंतलं पोरबी वरच्या पाल्यावर इस्वास ठेवत न्हाई. दावला तर हसतंय आन् जातंय."

"मला नव्हतं ठाऊक."

"तुमी म्हनत व्हता ना, एकाच तालुक्याच्या." टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

"मग मला खालचा का नाही दाखवला?"

"पयल्या दिशी कोन दावतं? माज्या मामानं मला सात वर्सं वरचाच दावला. जो ऱ्हातो त्याला खालचा मिळतो. ही वैजी बगा, सा वर्सं झाली, वरचाच आनती. तिलाबी ठावं हाय वरचा हाय म्हनून. मला वाटलं, तुमीबी येत ऱ्हाल." खाली ठेवलेली दोरी त्यांनी परत हातात घेतली. "तुमी पुन्यांदा आलाच न्हाई."

मी आठ महिने ज्या माणसाला भोंदू समजत होते तो माझी वाट बघत होता. मी तिथेच पायरीवर बसून रडले. झुंबरबाईंनी पाणी आणून दिलं. मला समजवायला मात्र कुणी आलं नाही, ते बरंच झालं.

कुशाबांनी मामांना भेटायचा हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना नारायणगावला नेलं. एवढ्या लांब ते कधी आले नव्हते. मामांच्या पलंगाशेजारी स्टूल होतं, पण ते फरशीवर बसले. पायाच्या जागी पांढरी गुंडाळी होती, तिच्याकडे बघत म्हणाले, "पावणं, मी कुशाबा. त्या कागदावरला."

मामा उठून बसायला लागले. "अवो बाबा, खाली कशाला बसता? हर्षे, त्यांना वर घे."

"म्या वरचा पाला दावला व्हता. ह्यो औषद न्हाई."

मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, आठ महिने निकाल दाबून ठेवल्याचंही सांगितलं. मामांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला. कुशाबांवर नाही, माझ्यावर. "म्हंजे तुला ठावं व्हतं," एवढंच ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. त्या दिवसापासून मामा माझ्याशी जेवलीस का, कशी आहेस, एवढंच बोलतात. शिक्षणाचा विषय काढत नाहीत.

परतीच्या वाटेवर डिंभ्याचं धरण मागे गेलं तेव्हा कुशाबा बोलले. "त्या कागदावर माजं नाव हाय."

"हो."

"मानसाचा पाय माज्या नावावर गेला. कागद सुदरा."

"सुधारते. लिहिते की हा पाला औषध नाही."

"तेवडं न्हाई. खरा लावा. तुमच्या काचंत घालून बगा. मंग लिवा."

खरा पाला दाखवला तर काय होतं हे मला एव्हाना कळलं होतं. आदल्या रात्री वैजयंतीनेच सांगितलं होतं. तो गुण एका वेळी एकाच हातात राहतो. खालचा पाला दुसऱ्याला दाखवला की दाखवणाऱ्याच्या हातातून तो गेला. मग त्याने बांधायचं नाही. बांधलं तरी उपयोग नाही. कुशाबांच्या मामांनी कुशाबांना दाखवला आणि त्या दिवसापासून स्वतःच्या नातवाच्या जखमेलाही हात लावला नाही. येत्या वर्षी कुशाबा वैजयंतीला दाखवणार होते. सहा वर्षं ती पहाटे भाताची कामं सोडून, लेकरं सोडून त्यांच्यामागे रानात जात होती, ती यासाठी.

"वैजीचं काय?" मी विचारलं.

ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "वैजी समजून घील."

वैजयंतीने समजून घेतलं नाही, आणि का घ्यावं? त्या संध्याकाळी घरात जे झालं ते मी पडवीतून ऐकत होते. "सा वर्सं मी काय झक मारली का?" असं ती सासऱ्याला म्हणाली. झुंबरबाई तिच्या बाजूने बोलल्या. कुशाबांनी एकच सांगितलं, की माझ्या नावाने मरणाचा पाला गावोगाव फिरतोय, तो मागे घ्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही. मग उठले, तांदूळ-सुपारी घेतली आणि आवतण द्यायला एकटेच देवराईकडे गेले. मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. मी मनात म्हटलं, तपासू या, सिद्ध झालं तर सगळ्यांचंच भलं होईल. खरं सांगायचं तर मला तो पाला हवा होता. अजूनही हवाच होता.

सकाळी ते मला घेऊन गेले. दोघंही बोललो नाही. देवराईच्या आत, खडकाच्या ओलीला, बोटभर उंचीची काही रोपं होती. त्यांनी दोन मुठी खुडल्या आणि माझ्या ओंजळीत घातल्या. वर दुसरा पाला घातला नाही. मग तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता तुज्याकडं." तोवर ते मला 'तुमी' म्हणत होते.

पुण्याच्या प्रयोगशाळेला एक किलो वाळका पाला लागतो. त्या सगळ्या देवराईत मिळून पाव किलो ओला निघाला नसता, आणि ओरबाडून काढायची तिथे कुणाची छाती नाही, माझीही नाही. मी सरांना गळ घातली. थोड्या पाल्यात करून बघू, म्हणाले, पण परवानगीचे कागद जुन्या प्रकल्पाच्या नावाने होते आणि तो प्रकल्प बंद झालेला. नवा प्रस्ताव लिहिला. त्यात विचारतात, आधीच्या कामाचा निष्कर्ष काय? आधीचा निष्कर्ष माझाच होता, माझ्याच हाताने लिहिलेला. पहिल्या वेळी परत आला. दुसऱ्या वेळी उत्तर आलं, की या माहितीदाराच्या सांगण्यात विसंगती आढळते. मी ते वाक्य चार-पाच वेळा वाचलं. 'माहितीदार' म्हणजे कुशाबा.

पुस्तिकेचं सोळावं पान मी मागे घेतलं. जिथे जिथे पाठवली होती तिथे तिथे लिहिलं, की हे चूक आहे आणि चूक माझी आहे. किती जणांनी वाचलं, कोण जाणे. फोटो अजून फिरतो. मागच्या महिन्यात माझ्याच एका विद्यार्थ्याने मला तो पाठवला, खाली हात जोडलेले, "जास्तीत जास्त शेअर करा."

यंदा भातकापणी झाल्यावर मी वर गेले. दोन कामं होती. प्रस्ताव दुसऱ्यांदा परत आला हे कुशाबांना सांगायचं होतं. आणि वैजयंतीला बाजूला घेऊन म्हणायचं होतं, की हा पाला तुझा आहे, चल, मी तुला दाखवते, तुझ्या हातात येऊ दे.

वैजयंती खळ्यावर पेंढा रचत होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मामंजींच्या हातनं मिळाला आसता तर घेतला आसता. तुमच्या हातनं नको."

"अगं, पण मग तो जाईल. मी काय करू त्याचं?"

"ते तुमी आदी इचारायला पायजे व्हतं," ती म्हणाली आणि पेंढी उचलली. तिचं बरोबर होतं.

मी अंगणात आले तर एक माणूस येऊन बसला होता. जानकू त्याचं नाव, पलीकडच्या वाडीचा, साठीतला. नडगीवर जुनी जखम, दर दोन-चार वर्षांनी फुटते, आणि गेली तीस वर्षं कुशाबाच ती बांधतात, असं त्यानेच सांगितलं. पाय पुढे करून, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन तो बसला होता. चांगली तळहाताएवढी जागा ओली होती, कडा काळ्या पडायला लागल्या होत्या.

कुशाबा त्याच्यापासून चार हात लांब बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले.

"ही बाय देती आता," ते जानकूला म्हणाले. "तिच्याकडं हाय."

जानकू माझ्याकडे वळला. मला ती रोपं कुठे आहेत ते माहीत होतं. चालत वीस मिनिटं. कसं खुडायचं, किती वाटायचं, कसं बांधायचं, सगळं माहीत होतं. त्याने बरं वाटतं की नाही, हे मात्र माहीत नव्हतं. त्या पाल्यात गुण आहे की नाही हे मला आजही माहीत नाही. आणि डोळ्यांसमोर मामांची ती पांढरी गुंडाळी होती.

"घोडेगावच्या दवाखान्यात जाऊ," मी म्हटलं. "मी गाडीतनं नेते."

कुशाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, ते रागावतील. मी प्रस्तावाचं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून थांबवलं. त्यांना समजलं असावं.

"थितं काय लावत्यात?" त्यांनी विचारलं.

"जखम धुतात. मलम लावतात. गोळ्या देतात."

"गुन येतो?"

"येतो. वेळेवर गेलं तर येतो."

"मंग न्या," ते म्हणाले आणि उठून आत गेले. झुंबरबाई त्यांना काहीतरी विचारत होत्या, त्यांचं उत्तर ऐकू आलं नाही.

जानकू गाडीत बसला. पाय सीटला लागू नये म्हणून त्याने तो हातांनी उचलून धरला होता. घाटाची दोन वळणं उतरलो तेव्हा त्याने विचारलं, "म्हातारा माज्यावर रुसलाय का वो?"

"नाही."

"मंग बांदला का न्हाई? तीस वर्सं बांदला. म्या काय चुकलो?"

मी सांगितलं. तुम्ही काही चुकला नाहीत, चूक माझी आहे, त्यांनी ते औषध माझ्या हाती दिलं आणि आता त्यांना बांधता येत नाही. त्याने सगळं ऐकलं, एकदा माझ्या हातांकडे बघितलं, आणि मग घोडेगाव येईपर्यंत तो पाय धरून समोर बघत बसला.